ऑनलाईन फीडर आणि शहापुरातल्या हार्डवेअरवाल्याचा पाईपचा तुकडा

आधी चिमण्यांना दाणे घालायच्या ऑनलाईन फीडरचं सांगतो म्हणजे डोकं हलकं होईल. आमच्या आज्जीचं वय ८३, दोन्ही गुडघे गेलेत, बोटं वाकडी झाल्यात. लग्न होऊन येळ्ळूरला आल्यापासनं सोप्यात सूप घेऊन तांदूळ पाखडत बसायची आणि कण्या अंगणात चिमण्यांना, हा रोजचा नेम. आता बेळगावात वडगावला आमच्याकडं वरच्या मजल्यावर असतीया, तर चिमण्यांसाठी स्टुलावर चढून ग्रिलच्या बाहेर वाटी ठेवायचा प्रयत्न करायली आणि एक दिवस पडता पडता राहिली. म्हणून घाबरून ४४९ रुपयांचा लटकवायचा फीडर मागवला.

दिसायला छान हो, हिरवं झाकण, पारदर्शक नळी. पण ते झाकण दाबून मग फिरवायचं, औषधाच्या बाटलीसारखं. माझंच मनगट दुखलं, आज्जीनं काय करायचं? परत ते उंचावर टांगायचं, म्हणजे भरायला रोज खाली काढा नाहीतर स्टुलावर चढा, म्हणजे आलो की परत तिथंच. बनवणाऱ्यानं चिमणीची चोच नीट मापलीया, भरणाऱ्याचा हात मात्र विसरलाय. पहिल्या वळवाच्या पावसात आत पाणी गेलं, बाजरीचा गोळा झाला आणि वरनं बुरशी.

मग म्हटलं आपणच करू. आधी कपडे वाळत घालायची कप्पी आणि दोरी लावून बघितली. कप्पी एकच असली की वजन काय कमी होत नाही, फक्त वर उचलायच्या ऐवजी खाली ओढायचं. तिसऱ्या दिवशी आज्जीच्या हातनं दोरी सुटली, ताटली खालच्या काकूंच्या सांडग्यांवर. तो विषय तिथंच संपला.

शेवटी जे जमलं ते एकदम साधं. आज्जी खिडकीजवळ खुर्चीत बसतीया तिथनं हात सहज पोचेल अशा उंचीवर नरसाळं, तेलाच्या कॅनचा वरचा भाग कापून केलेलं, त्याखाली दोन इंची पीव्हीसी पाईप तिरपा ग्रिलमधनं बाहेर, आणि बाहेर ब्रॅकेटवर कुंडीखाली ठेवतात ती प्लॅस्टिकची प्लेट. वाटीभर कण्या नाहीतर राळं ओतलं की सुर्र करून बाहेर. उठायचं नाही, वाकायचं नाही, काय फिरवायचं नाही.

ह्यासाठी मला हवा होता तीन फूट पाईप. चार दुकानं फिरलो, सगळे म्हणायले अख्खी लेंग्थ घ्या. वीस फुटी पाईप काय डोक्यावर बांधू? शहापुरातल्या त्या छोट्या दुकानातल्या मामांनी मात्र कशाला पाहिजे विचारलं, मी सांगितल्यावर हसून कानडीत "गुब्बीगेन्री?" (चिमण्यांसाठी काय हो?) म्हणाले आणि माळ्यावरनं एक कापलेला तुकडा काढून आणला. वर सल्ला दिला की उतार पंचेचाळीसचा ठेवा, कमी ठेवला तर दाणा मधेच अडतो, आणि शेवटी बेंड लावून तोंड खाली करा नाहीतर सगळं उडून जातंय. पाईपच्या कडा पण कानशीनं घासून दिल्या, आज्जीचा हात कापू नये म्हणून. पाईप, बेंड, प्लेट, ब्रॅकेट, सगळं तीनशेच्या आत. पाईप चिकटवायच्या सोल्युशनचा डबा घेत होतो तर म्हणाले नको, सांधे नुसते दाबून बसवा, धुवायला काढता येतील. विकायला बसलेला माणूस असं सांगतोय म्हणजे बघा.

दोन दुरुस्त्या नंतर केल्या. प्लेटला बारीक भोकं पाडली, इथल्या पावसात त्याशिवाय तळं होतंय. आणि पारवे. चार दिवसात दहा-बारा पारवे येऊन बसले, चिमण्यांना जागाच नाही, आणि त्यांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ छातीला वाईट, म्हातार्‍या माणसाच्या खिडकीत तर नकोच. मग प्लेटवर दीड इंची चौकोनाची जाळी पेटीसारखी बसवली, चिमणी आत जाती, पारवा बाहेर. आज्जीला हे अजून पटलेलं नाही. "पारव्यानं काय पाप केलंय रे?" म्हणती आणि मी ऑफिसला गेलो की गॅलरीतनं गुपचूप ज्वारी टाकती, मला जोंधळे सापडतात की.

एक गोष्ट मी ठरवून केली नव्हती. पाईपमधनं दाणे घरंगळायचा आवाज चिमण्यांनी ओळखून ठेवलाय. आज्जीला मोतीबिंदूमुळं बाहेरचं धड दिसत नाही, पण वाटी ओतली की मिनिटाभरात चिवचिवाट सुरू, मग ती त्यांच्याशी बोलत बसती.

वाईट काय? पावसाळ्यात आठवड्यातनं दोनदा पाईप काढून धुऊन कोरडा करावाच लागतो, आणि ते काम माझ्याच गळ्यात. दाणे पण एका वेळी एकच वाटी, जास्त घातले की भिजून कुजतात.

हार्डवेअरच्या दुकानाला पाच स्टार. ऑनलाईन फीडरला एक, तोही त्याच्याबरोबर आलेली दोरी चांगली होती म्हणून, ती आता गॅलरीतल्या कारल्याच्या वेलाला बांधलीया.