कथास्पर्धेची जाहीरात: छापील पत्रक की व्हॉट्सअ‍ॅप?

आमच्या फोंड्याच्या मंडळातली एक मुलगी विचारत होती, "काका, कथास्पर्धेचं पत्रक छापूया की नुसतं व्हॉट्सअ‍ॅपवर टाकूया?"

खर्चात व्हॉट्सअ‍ॅप सरळ जिंकतं. छपाईत मात्र ए४ कागदावर दोन ए५ पत्रकं बसतात, तेवढीच बचत.

खरा फरक चूक झाली की कळतो. व्हॉट्सअ‍ॅपचा संदेश १५ मिनिटांपर्यंत दुरुस्त करता येतो, पण तोवर पुढे गेलेल्या प्रती तशाच फिरतात. एकदा मी संदेशात शेवटची तारीख चुकीची टाकली. दोन महिने लोक जुनीच तारीख घेऊन भांडत होते! छापील पत्रकावर निदान पेनाने खाडाखोड करता येते. दिसायला वाईट, पण खरी.

टिकण्यात कागद पुढे. वाचनालयाच्या फलकावर तो महिनाभर राहतो, ग्रुपवर सकाळच्या 'शुभ प्रभात'खाली तासाभरात गाडला जातो.

मजकूर दोन्हीकडे एकच हवा: विषय, शब्दमर्यादा, शेवटची तारीख, प्रवेश फी, बक्षिसं, कथेचे हक्क कोणाकडे. 'आकर्षक बक्षिसे' लिहू नका, रक्कम लिहा. कथा युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही फोनवर वाचता येईल अशा मराठी अक्षरांत, पाठवा, हेही सांगा. आणि मुदत चतुर्थीच्या आठवड्यात नको, तेव्हा अख्खा गोवा माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या, सामानामागे असतो.

कॉलेजची मुलं हवी असतील तर व्हॉट्सअ‍ॅप, तेही चित्र नव्हे, कॉपी करता येईल असा मजकूर. पेडणे-सत्तरी तालुक्यांतले निवृत्त शिक्षक, गृहिणी हव्या असतील तर पत्रकच छापा.