अल्मेरे हाफनमधलं घर: दहा महिने राहिल्यानंतर

मार्चमध्ये चावी मिळाली, आता जानेवारी संपत आलाय, म्हणजे दहा महिने झाले नेदरलँड्समधल्या या घरात. घर घेताना "राहून झालं की सांग रे कसं आहे" असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला वेगळी व्हॉइस नोट पाठवून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. लांब होणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी आम्ही अॅमस्टरडॅमशेजारच्या अॅमस्टलफेनला भाड्याने होतो, दोन बेडरूमचा फ्लॅट, महिना १९५० युरो, खाली इंडियन दुकान, लिफ्टमध्ये मराठी, तेलुगू, हिंदी सगळं कानावर पडायचं, म्हणजे तसं सुखच होतं. पण घर घ्यायचं आमचं बजेट चार लाख युरोच्या आत आणि तिथे तेवढ्यात जे मिळत होतं ते बघून बायको म्हणाली, डोंबिवलीचं घर यापेक्षा मोठं आहे. मग अल्मेरे. ऑफिसमध्ये डच कलीग्जना सांगितलं तर सगळ्यांचा चेहरा एकसारखाच झाला, आपण कुणी वांगणीला फ्लॅट घेतला म्हटल्यावर दादरचा माणूस करतो ना, अगदी तस्सा. "ओह, अल्मेरे... छान, मोठी घरं मिळतात तिथे." बास, पुढे विषय बदलला.

आता अल्मेरे म्हणजे काय, तर समुद्राचा तळ. थट्टा नाही. हा फ्लेवोलँड प्रांताचा दक्षिण भाग १९६८ मध्ये पाणी उपसून कोरडा केला आणि १९७६ च्या शेवटी पहिली माणसं राहायला आली ती याच हाफन भागात. आमचं घर १९७९ चं. म्हणजे घर माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठं आणि ज्या जमिनीवर ते उभं आहे ती घरापेक्षा फक्त अकरा वर्षांनी मोठी. हे घेताना पण माहीत होतं, विकिपीडियावर वाचलं होतं, पण वाचणं वेगळं आणि कळणं वेगळं, ते पुढे येईलच.

बोली लावायचा प्रकार थोडक्यात सांगतो कारण त्यावर आधीच खूप लोकांनी डोकं खाल्लंय. फुंडा नावाच्या घरांच्या वेबसाइटवर घर दिसतं, बघायला पंधरा मिनिटांचा स्लॉट मिळतो, तुमच्या आधीचं जोडपं पायऱ्या उतरत असतं आणि मागचं दारात बूट काढत असतं, आणि मग बंद पाकिटातली बोली, दुसऱ्याने किती लावली ते कळत नाही. चार घरं गेली हातातून. पाचव्याला आमच्या वतीने काम करणाऱ्या एजंट बाईंनी सांगितलं, ३ लाख ६५ हजार मागतायत, तुम्ही ३ लाख ९२ लावा, आणि इन्स्पेक्शनची अट ठेवा, सोडू नका. लावली. मिळालं. रात्रभर झोप नाही, आधी मिळेल का म्हणून आणि मिळाल्यावर जास्त तर नाही ना लावली म्हणून. इथे सही केलेला करार हातात आल्यावर खरेदीदाराला तीन दिवस मिळतात, काहीही कारण न देता माघार घ्यायला. त्या तीन दिवसांत बाबांचे नाशिकहून अकरा फोन. कार्पेट किती, बिल्टअप किती, सातबारा कुणाच्या नावावर? त्यांना सांगितलं की इथे घराच्या आतलं वापरायचं क्षेत्रफळ ठरलेल्या पद्धतीने मोजून लिहितात, १०५ चौरस मीटर म्हणजे १०५, आणि सातबाऱ्याऐवजी कादास्टर नावाचं रजिस्टर आहे. "म्हणजे सुपर बिल्टअप नाही?" नाही बाबा. खूप वेळ गप्प होते, मला वाटतं त्या एका गोष्टीसाठी त्यांना हा देश आवडला.

पैशाचं सांगतो कारण सगळे तेच विचारतात. घराच्या पूर्ण किमतीएवढं लोन मिळतं इथे, पण जाहिरातीत किमतीपुढे 'के. के.' असतं त्याचा अर्थ वरचा सगळा खर्च घेणाऱ्याच्या खिशातून. स्वतः राहण्यासाठी घेतलं तर ट्रान्सफर टॅक्स २ टक्के, मात्र ३५ च्या आतल्या माणसाला पहिल्या घरावर एकदा माफ, २०२५ ला किंमत ५ लाख २५ हजारांच्या आत असेल तर. बायको ३३ ची, मी ३६ चा. म्हणून तिचा अर्धा हिस्सा माफ आणि माझ्या अर्ध्यावर ३९२० युरो. घरात अजून कधी वाद झाला की "तुझ्या म्हातारपणाचे चार हजार" हे वाक्य येतंच. त्यावर एनएचजी म्हणजे सरकारी पाठबळाची गॅरंटी, २०२५ ला मर्यादा साडेचार लाख आणि फी लोनच्या ०.४ टक्के, म्हणजे १५६८ युरो, पण व्याजदर कमी मिळतो त्यामुळे घ्याच. लोनचा सल्लागार, व्हॅल्युएशन, नोटरी, एजंट, इन्स्पेक्शन आणि आमचं डच कच्चं म्हणून नोटरीकडे बसवलेला दुभाषी, असं सगळं मिळून पंधरा हजार युरो गेले. हप्ता १७८२, त्यातले टॅक्समधून जवळपास ४०० परत येतात, व्याज वजा होतं म्हणून. भाड्यापेक्षा स्वस्त पडलं हे खरं, पण तो हिशेब मी फक्त पहिले दोन महिने अभिमानाने सांगत होतो.

चावी मिळाली १४ मार्चला आणि त्या दिवशी धुळवड होती. पेट्या घेऊन दारात आलो तर शेजारच्या दारातून पांढऱ्या साडीतल्या, गालाला गुलाबी रंग लागलेल्या एक आजी बाहेर आल्या आणि सरळ म्हणाल्या, "फगवा है आज." मी दोन मिनिटं तसाच उभा. दक्षिण अमेरिकेतल्या, पूर्वी डचांच्या ताब्यातल्या सुरिनामच्या हिंदुस्तानी. १८७३ पासून ज्यांना बिहार आणि उत्तर प्रदेशातून मजूर म्हणून तिकडे नेलं त्यांची ही पुढची पिढी, अल्मेरेमध्ये त्यांची बरीच वस्ती आहे. आजींचा जन्म पारामारिबोचा, भारत कधी बघितलेला नाही, बोलतात ती सारनामी आपल्याला भोजपुरीसारखी वाटते आणि अर्धी कळते. त्यांनी गालाला रंग लावला आणि हातात 'बारा' नावाचा पदार्थ दिला, आपल्या वड्याचाच लांबचा भाऊ. अॅमस्टलफेन सोडताना जी धाकधूक होती ना, ती निम्मी त्या दारातच संपली. सोळा दिवसांनी पाडव्याला गुढी उभारली, त्याच पहाटे घड्याळं एक तास पुढे गेली म्हणून सगळं उशिरा झालं, तर समोरच्या डच काकांनी विचारलं की कुठल्या देशाचा झेंडा. आजींनीच त्यांना डचमधून समजावलं, काय समजावलं देव जाणे, काका टोपी काढून गुढीला मान झुकवून गेले.

आता घर. खाली आरपार हॉल, पुढे खिडकी मागे खिडकी, त्यामुळे उजेड भरपूर. वर तीन बेडरूम. जिना मात्र जिना नाही, शिडी आहे. आई जुलैमध्ये आली तेव्हा उतरताना कायम पाठमोरी उतरायची, बोटीतून उतरल्यासारखी. एनर्जी लेबल, म्हणजे घराची ऊर्जाबचतीची श्रेणी, सी; हिवाळ्यात गॅस आणि वीज मिळून १६५ युरो महिना आगाऊ जातात. फरशीखालच्या पोकळीत इन्सुलेशन करायचंय, सरकारी अनुदान आहे आणि दोन कामं केली तर जास्त मिळतं, म्हणून खिडक्यांच्या काचांबरोबर करू असं ठरवून तीन महिने झाले.

किचनचं ऐका, हे कुणीच सांगत नाही. माळ्यावर एक डबा आहे, त्यातला पंखा किचन, टॉयलेट आणि बाथरूम तिन्हीकडची हवा एकाच पाइपातून ओढतो. आम्ही शहाणपणाने मोठी मोटरवाली चिमणी आणली आणि त्या पाइपाला जोडून टाकली. पहिलीच हिंगाची फोडणी घातली आणि वरून बायको ओरडली, बाथरूममध्ये आमटीचा वास येतोय! चिमणीने सगळी हवा जोरात उलटी वर ढकलली होती. अशा घरात मोटरवाली चिमणी त्या पाइपाला जोडायची नसते, एकतर कोळशाच्या फिल्टरची घ्या, नाहीतर भिंतीला स्वतंत्र भोक. आम्ही फिल्टरची घेतली. मासे तळायचे असतील तर मागच्या अंगणात कॅम्पिंगची शेगडी, त्याला इलाज नाही.

आणि आता मूळ मुद्दा. आम्ही घर बघितलं, जमीन नाही बघितली.

पहिल्यांदा घर बघायला आलो तेव्हा मागच्या दाराशेजारी विटेवर पेन्सिलच्या तीन रेघा होत्या, नडगीएवढ्या उंचीवर, पुढे साल लिहिलेलं, १९९८, २००६, २०१५. मला वाटलं यांनी कुत्र्याची उंची मोजली असेल. बायकोला ते फार गोड वाटलं. मे महिन्यात समोरच्या काकांना सहज दाखवलं तर ते हसले, म्हणाले, कुत्रा नव्हता त्यांच्याकडे. ती जमिनीची रेघ. घर उभं आहे खोल ठोकलेल्या काँक्रीटच्या खांबांवर, ते हलत नाही, पण भोवतीची माती, जी काल-परवापर्यंत पाण्याखाली होती, ती वाळतेय आणि खाली बसतेय, अजूनही. दर सात-आठ-नऊ वर्षांनी अंगण इतकं खाली जातं की दारातून पाय टाकला की धपकन पडतो, मग वाळू मागवायची, सगळ्या फरश्या उचलायच्या, भरायचं आणि पुन्हा बसवायच्या. आमच्या आधीच्या मालकांनी प्रत्येक वेळी भर घातल्यावर रेघ मारून ठेवली होती. २०१५ नंतरची भर त्यांनी आमच्यासाठी ठेवली.

त्यातून उंदीर. अंगण खाली गेलं की घराच्या काठाखाली फट पडते आणि उंदरांना फरशीखालच्या पोकळीत सरळ एन्ट्री. ते एकवेळ चाललं. पण जूनमध्ये खालच्या टॉयलेटमध्ये गुडगुड आवाज यायला लागला, मग वास, मग पाणी हळू जायला लागलं. प्लंबरने पाइपात कॅमेरा घातला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. घरातून बाहेर येणारा ड्रेनेजचा पाइप भिंतीच्या अगदी बाहेर सांध्यात तुटून खाली लोंबत होता. घर जागेवर, माती खाली, पाइप मधे अडकलेला, तो तुटणारच. एक मीटर खड्डा, नवा लवचिक सांधा, १९०० युरो. तुमच्या हद्दीच्या आत ते तुमचं, हद्दीबाहेर नगरपालिकेचं, आणि आमचं हद्दीच्या चांगलं आतच. चाळीस पानी इन्स्पेक्शन रिपोर्ट काढून बसलो, कुठल्या खिडकीचा रंग उडालाय त्याचा फोटो आहे, ड्रेनेजबद्दल एक ओळ, "न दिसणारे भाग तपासलेले नाहीत". इन्स्पेक्शनवाल्यांना फोन केला तर त्यांनी तीच ओळ वाचून दाखवली. विकणाऱ्याकडेही जाता येईना कारण करारात जुन्या घराचं कलम असतं, घर इतक्या वर्षांचं आहे हे मला मान्य आहे, नव्या घराची अपेक्षा करणार नाही, वगैरे. दुभाष्याने ते नोटरीकडे वाचूनही दाखवलं होतं, मी मान डोलावली होती. तेव्हा इकडे बघत असाल तर १०० ते २०० युरो जास्त घालवा आणि ड्रेनेजमध्ये कॅमेरा घालायला आधीच सांगा, शेजाऱ्याला विचारा शेवटची वाळू कधी भरली, आणि मागच्या दाराची पायरी किती उंच आहे ते पायाने बघा, डोळ्याने नाही.

वाळू आम्ही ऑगस्टमध्ये भरली. ट्रकने पाच मोठ्या बॅगा पुढे रस्त्यावर टाकल्या आणि मागच्या बोळातून हातगाडीने आत न्यायची. काकांनी स्वतःची हातगाडी दिली आणि बॅगा उतरायच्या आधीच मला फरशी कशी उचलायची ते शिकवलं, तीस बाय तीसची, खालून खुरप्याने, कोपऱ्यातून. तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी मी ऑफिसला खुर्चीत बसू शकत नव्हतो. आजींनी रोज दुपारी रोटी पाठवली, डाळ भरलेली, आपल्या पुरणपोळीला गूळ घालायचा विसरलेली असावी तशी.

वस्तीचं म्हणाल तर शांत. फारच शांत. हाफनला स्वतःचं ट्रेन स्टेशन नाही, बसने सेंट्रमला जायचं आणि मग ट्रेन, बसचा रस्ता वेगळा आहे म्हणून बस कधी ट्रॅफिकमध्ये अडकत नाही, पण पोल्डरवरून, म्हणजे पाणी उपसून केलेल्या या जमिनीवरून, अॅमस्टरडॅमकडे जाणाऱ्या लाइनीवर काही झालं की सगळंच ठप्प. आठवड्याला दोन दिवस ऑफिस म्हणून जमतं, पाच दिवस असतं तर मी इथे आलो नसतो हे स्पष्ट सांगतो. रस्ते मुद्दाम वाकडेतिकडे, सत्तर-ऐंशीच्या दशकातली ही रचना, याला इथे फ्लॉवरची वस्ती म्हणतात, म्हणजे भाजीतला फ्लॉवर, कारण नकाशा तसा दिसतो. गाड्या हळू जातात, पोरं रस्त्यावर खेळतात, आणि पार्सलवाला हमखास चुकतो कारण आमच्या भागातल्या रस्त्यांच्या नावांचा शेवट सारखाच. पण संध्याकाळी सायकलने बंदरावर गेलं, खोयमेर तलावाच्या पाण्यावर शिडाच्या होड्या, हातात कागदात फ्राइज, तर दादरच्या माणसाचा चेहरा विसरायला होतो.

वर्षाला पाणीमंडळाचा, म्हणजे इथली जमीन कोरडी ठेवणाऱ्या संस्थेचा, वेगळा टॅक्स येतो, पहिल्यांदा बघून चिडलो होतो. मग एका रविवारी बांधाच्या रस्त्याने सायकलवर ब्लॉक फान कुफेलर पंपिंग स्टेशनपर्यंत गेलो, पाणी आतून उचलून बाहेरच्या तलावात टाकत होतं, एका बाजूचं पाणी दुसऱ्या बाजूच्या किती खाली आहे ते मधे उभं राहून दिसलं. त्यानंतर ते बिल मी आल्या दिवशी भरतो.

नवी भर घातली त्या दिवशी मीही विटेवर रेघ मारली, फरशी जिथे लागली तिथेच, ऑगस्ट २०२५. मागच्या आठवड्यात बर्फ वितळल्यावर टॉर्च घेऊन वाकून बघितलं. रेघ आणि फरशीच्या मधे बायकोचं डेबिट कार्ड आरामात सरकलं, माझं पाकीट अजून नाही.