अपघात-भरपाईचा दावा : इंदूरच्या रामबागेतील एका वकिली कार्यालयाचा अनुभव

धुळ्याजवळच्या अपघातात मेहुण्यांचा पाय मोडला, तेव्हा दावा धुळ्यालाच लावावा लागणार का, हा आमचा पहिला प्रश्न होता. मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 नुसार अर्जदार राहतो तिथल्या, म्हणजे इंदूरच्या न्यायाधिकरणातही (अपघात-भरपाईचे दावे ऐकणाऱ्या न्यायालयातही) अर्ज करता येतो, हे वकीलसाहेबांनी शांतपणे समजावले. 2019 च्या दुरुस्तीने अर्जाला सहा महिन्यांची मुदत घातली असल्यामुळे विमा कंपनीच्या तडजोडीची वाट पाहत बसू नका, असेही बजावले. औषधांची बिले त्यांनी एकेक करून पाहिली, आणि थर्मल कागदावरची अक्षरे उडतात म्हणून त्यांच्या झेरॉक्स तिथल्या तिथे काढायला लावल्या. डिस्चार्ज कार्डावर अपघाताची तारीख चुकली होती, तीही त्यांच्याच नजरेस आली. धडक देणारे वाहन सापडलेच नसते, तर गंभीर दुखापतीला सरकारी योजनेतून 50 हजार रुपयेच मिळाले असते, हे ऐकल्यावर ट्रकचा क्रमांक टिपून ठेवणाऱ्या ढाबेवाल्याचे उपकार कळले. भरपाईत टक्केवारी मागणारे दलाल पुष्कळ भेटतात. निकालावर अवलंबून फी ठरवणे वकिलांना नियमाने वर्ज्य आहे, हे यांनी आपणहून सांगितले आणि ठरलेली फी लेखी दिली. कारकुनाचा फोन मात्र क्वचितच लागतो, आणि दिलेल्या वेळेनंतरही बराच वेळ तिष्ठावे लागते.