डायनोजेस्ट, आठ महिन्यांनंतर: दुखणं थांबलं, पेशी मात्र चिवट

काल रात्री गोळी स्ट्रिपमधून उडून कपाटाखाली गेली. पालथी पडून फूटपट्टीने बाहेर काढली, तर धुळीने माखलेली. घेववेना आणि टाकवेनाही. शेवटी दुसरी फोडली आणि मार्करने लिहिलेले सगळे वार एका घराने सरकले. होय, वार मी लिहिते. रोज न चुकता घ्यायची हार्मोनची गोळी, आणि माझ्या स्ट्रिपवर सोमवार-मंगळवार छापलेले नाहीत! चंदेरी कागदावर शाई टिकत नाही, आठ महिने बोटं काळी.

असो. डायनोजेस्ट ही एंडोमेट्रिओसिसवरची गोळी, दोन मिलिग्रॅम, रोज एक. या आजारात गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी भलत्या जागी वाढतात. माझी डाव्या अंडाशयात चॉकलेट सिस्ट, म्हणजे याच आजाराची रक्ताने भरलेली गाठ, 4.2 सेंटिमीटर. पहिले तीन महिने सतत तपकिरी स्पॉटिंग, इतकं की गोळी बंद करायच्या बेतात होते. चौथ्या महिन्यात पाळी आलीच नाही. पाचव्यात शेकायची पिशवी कपाटात मागे गेली. तेव्हा विचारलं असतंत तर पाचपैकी पाच दिले असते.

मग सोनोग्राफी झाली: 3.4. मी डॉक्टरांना विचारलं, "म्हणजे पेशी मरतायत ना?" त्या म्हणाल्या, "मरण्यापेक्षा दबतात म्हणा. म्हणून तर गोळी चालू ठेवायची." माझा पारा चढला. एवढं स्पॉटिंग सोसलं ते नुसतं दाबायला? घरी येऊन वाचत बसले.

पाळीचं थोडं रक्त नळ्यांतून उलटं पोटात जाणं बहुतेक बायकांत होतं. या आजाराचं मूळ त्यात असावं, असं सॅम्पसन नावाच्या डॉक्टरने 1927 मध्ये मांडलं. एरवी अस्तरापासून सुटलेली पेशी आधार गेला की स्वतःच संपते. या ठरल्या मरणाला 1972 मध्ये 'अपॉप्टोसिस' नाव मिळालं, पानगळीच्या ग्रीक शब्दावरून. आमच्याकडे पानं गळतात आणि भलतीकडे रुजतात. या पेशींत मरण अडवणारं बीसीएल-2 प्रथिन जास्त सापडतं. त्यांना लागणारं इस्ट्रोजेन हे हार्मोन त्या अरोमाटेज या एन्झाइमच्या मदतीने जागच्या जागीही बनवतात. त्यांना संपवायला असलेल्या एनके पेशी (शरीराच्या संरक्षणातल्या 'नॅचरल किलर') ढिल्या पडलेल्या. आणि सिस्टमधलं 'चॉकलेट' म्हणजे साचलेलं जुनं रक्त, लोहाने भरलेलं. इतक्या लोहात पेशीच्या आवरणातली चरबी सडून ती मरायला हवी (याला फेरॉप्टोसिस म्हणतात, नाव 2012 चं). या तिथेही तग धरतात. राग येतो, पण मानलं.

गोळी प्रोजेस्टेरॉन या हार्मोनसारखी वागते, इस्ट्रोजेन खाली आणते, ती जागा सुकवते, नव्या रक्तवाहिन्या फुटू देत नाही. काही पेशी त्यात मरतही असतील. पण काहींत प्रोजेस्टेरॉन ओळखणारे रिसेप्टरच कमी, त्या गोळीला दाद देत नाहीत. गोळी थांबवली की दुखणं परतू शकतं, आणि लांबचा पल्ला म्हणून हाडांच्या घनतेवरही लक्ष ठेवायचंय. हे कळल्यावर 0.8 सेंटिमीटर मला कमी वाटेनासे झाले.

पाचपैकी चार. कापलेला एक पेशींसाठी नाही, वारांसाठी. कंपनीला दोनदा कळवलं, दोन्ही वेळा 'आपला अभिप्राय संबंधित विभागाकडे पाठवला आहे.' धुळीतली ती गोळी अजून डबीत आहे.