राहून गेलेल्या पश्चिमी स्टारची नोंद : छावणीतील एका अर्जलेखन सेवेचा अनुभव

इंदूरच्या छावणी भागात आता फौजेपेक्षा धान्यमंडीचीच वर्दळ अधिक असते. तेथे एक निवृत्त सुभेदार आपल्या घराच्या ओसरीत बसून माजी सैनिकांचे अर्ज लिहून देतात. एक टेबल, एक संगणक आणि दोन खुर्च्या एवढाच त्यांचा पसारा असून दारावर पाटीदेखील नाही. माझ्या वडिलांच्या सेवा-नोंदीत राहून गेलेले ‘पश्चिमी स्टार’ हे 1971 च्या युद्धाचे पदक चढवून घेण्यासाठी आम्ही गेल्या वर्षी त्यांच्याकडे गेलो होतो. इंदूर-महू परिसरात ज्यांच्या कपाटात जुनी डिस्चार्ज बुके (फौज सोडताना मिळालेली सेवा-नोंदींची पुस्तके) पडून आहेत, त्यांच्यासाठी तो अनुभव लिहीत आहे.

बाबा सिग्नल्समध्ये, म्हणजे फौजेच्या संदेशवहन दलात, हवालदार होते आणि डिसेंबर 1971 मध्ये ते पश्चिम आघाडीवर होते. त्यांच्या डिस्चार्ज बुकात तीन पदकांची नोंद आहे : संग्राम मेडल, 15 ऑगस्ट 1972 रोजी सेवेत असलेल्यांना मिळालेले स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचे मेडल आणि नऊ वर्षांच्या सेवेचे लाँग सर्व्हिस मेडल. पश्चिमी स्टार मात्र नाही. संग्राम मेडल त्या युद्धकाळातील पुष्कळांना मिळाले, तर पश्चिमी स्टार पश्चिमेच्या प्रत्यक्ष युद्धक्षेत्रात असलेल्यांसाठी होता (पूर्वेकडच्यांसाठी पूर्वी स्टार), त्यामुळे एक आहे आणि दुसरे नाही ही गोष्ट बाबांना पन्नास वर्षे खुपत राहिली.

सुभेदारांकडे येण्यापूर्वी आम्ही एका सल्लागार कंपनीला, जिचे नाव येथे देत नाही, 4,000 रुपये देऊन बसलो होतो. तिने थेट दिल्लीला संरक्षण मंत्रालयाकडे तीन पानांचे पत्र पाठवले. त्यात शौर्य, त्याग आणि राष्ट्रभक्ती यांचे वर्णन भरपूर होते, परंतु बाबा कोणत्या युनिटमध्ये कोणत्या तारखेपासून होते याचा उल्लेख नव्हता आणि त्यांच्या आर्मी नंबराच्या शेवटचे अक्षरही गळले होते. संबंधित रेकॉर्ड कार्यालयाशी संपर्क साधावा, एवढेच उत्तर आले. ते चुकीचे म्हणता येणार नाही, कारण जवानांच्या नोंदी दिल्लीत नसून ज्या त्या रेजिमेंटच्या वा कोअरच्या रेकॉर्डकडे असतात : मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या बेळगावला, तोफखान्याच्या नाशिक रोडला आणि सिग्नल्सच्या जबलपूरला.

सुभेदारांनी पहिल्या बैठकीत दोन तास घेतले आणि एक ओळही लिहिली नाही. मी मधे मधे उत्तरे देऊ लागलो, तेव्हा त्यांनी मला हाताने थांबवले आणि सगळे प्रश्न बाबांनाच विचारले. बाबा त्यांना ‘साहेब’ म्हणत ताठ बसून उत्तरे देत होते. बोलता बोलता बाबांनी सांगितले की, नोव्हेंबरमध्ये रेडिओ सेटच्या कामासाठी त्यांना दुसऱ्या युनिटला अटॅच केले होते, म्हणजे तात्पुरते जोडले होते. आमच्या घरात ही गोष्ट कोणी कधी महत्त्वाची मानली नव्हती. सुभेदारांनी मात्र पेन उचलले. जवानाच्या नोकरीतील बदली, बढती, रजा, पदक अशी प्रत्येक घडामोड पार्ट टू ऑर्डर या लेखी आदेशाने प्रसिद्ध होते आणि तीवरून शीट रोलमध्ये, म्हणजे त्याच्या सेवेच्या मुख्य नोंदपत्रात, चढते. मूळ युनिटने स्टारसाठी नावे पाठवताना बाहेर अटॅच असलेला माणूस सुटला असावा आणि ज्या युनिटकडे तो होता, त्यांनी तो आपला नाही म्हणून धरला नसावा, असा त्यांचा अंदाज होता.

म्हणून त्यांनी पदक मागण्याआधी केवळ शीट रोलच्या प्रतीसाठी माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करायला लावला : शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. प्रत आली आणि तीत अटॅचमेंटच्या तारखा स्पष्ट होत्या. त्यानंतरचा मुख्य अर्ज एका पानाचा झाला. नंबर, हुद्दा, युनिट, तारखा, शीट रोलचे संबंधित पान आणि मागणीचे एक वाक्य, एवढेच त्यात होते. सोबत नावाचे प्रतिज्ञापत्र जोडावे लागले, कारण बाबांच्या फौजी नोंदीत त्यांच्या वडिलांचे नाव ‘गणपत’ आहे आणि आधार कार्डावर ‘गणपतराव’. आपल्याकडे आदराने लावलेला ‘राव’ सरकारी कागदात दुसरा माणूस निर्माण करतो.

त्यांचा मला सर्वांत आवडलेला गुण म्हणजे ते खोटी आशा लावत नाहीत. या पदकाने पेन्शन एका रुपयानेही वाढणार नाही, हे त्यांनी आरंभीच सांगितले. आमच्यासमोर आलेल्या एका गृहस्थांना सेना मेडल मागणारा अर्ज हवा होता. शौर्यपदकाची शिफारस तुकडीच्या अधिकाऱ्यानेच करायची असते, ती अर्ज करून मागायची वस्तू नाही, असे सांगून त्यांनी पैसे न घेता त्यांना परत पाठवले. रेकॉर्डने नकार दिलाच, तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे खंडपीठ जबलपुरातच आहे, पण त्यासाठी आधी लेखी नकार हातात हवा किंवा अर्ज करून उत्तराविना सहा महिने उलटलेले हवेत, हेही त्यांनी समजावले.

उणिवाही आहेत. ते पावती देत नाहीत, फोन क्वचितच उचलतात आणि त्यांचे अर्ज फौजी संक्षेपांनी इतके भरलेले असतात की सही करणाऱ्यालाही प्रत्येक ओळ विचारावी लागते. अर्जाची संगणकीय प्रत मागितली तर त्यांना आवडत नाही. मी हट्टाने घेतली आणि पुढे स्मरणपत्रासाठी ती कामी आली.

अर्ज गेल्यावर सात महिन्यांनी, एका स्मरणपत्रानंतर, नोंद चढवल्याचे पत्र आले. प्रत्यक्ष पदक अद्याप मिळालेले नाही. त्यासाठी मागणी वेगळी जाते. महूच्या बाजारात वर्दीच्या दुकानात तसाच स्टार विकत मिळतो आणि दुकानदाराने तो लगेच बारवर (पदके ओळीने लावायच्या पट्टीवर) बसवून देण्याची तयारी दाखवली होती, परंतु बाबांनी तीनच पदके बसवून घेतली आणि चौथ्यासाठी जागा ठेवायला सांगितली.

प्रत्येक अर्जाचे 500 रुपये पडतात. सुभेदार सकाळी अकरापर्यंतच भेटतात आणि रविवारी बसत नाहीत. मूळ डिस्चार्ज बुक व तिच्या दोन छायाप्रती न्याव्यात, आणि शक्य असेल तर स्वतः माजी सैनिकालाच बरोबर न्यावे. मुलांनी लिहून आणलेल्या टिपणावर ते काम सुरू करत नाहीत.