टरेट आधी, काच नंतर: लांब पल्ल्याच्या शिकारीसाठी स्कोप निवडताना

महागड्या स्कोपांची, म्हणजे रायफलीवर बसवायच्या दुर्बिणींची, यादी उघडली की नजर आधी मोठ्या आकड्यांवर जाते. २५ पट, २७ पट मोठं चित्र, ५६ मिलिमीटरचं पुढचं भिंग. माझं मत सुरुवातीलाच सांगतो: शिकारीच्या स्कोपात हे आकडे तिसऱ्या-चौथ्या नंबरावर येतात. पहिला प्रश्न असा की टरेट (नेम वर-खाली किंवा बाजूला सरकवणारं स्कोपवरचं चाक) जितके क्लिक फिरवला तितकीच गोळी वर जाते का, आणि उलट फिरवला की झिरो, म्हणजे ठरलेल्या अंतरावर नेम आणि गोळी जुळवून ठेवलेली जागा, पुन्हा तिथेच येतो का. दुसरा प्रश्न, तो स्कोप चढवलेली रायफल खांद्यावर घेऊन दिवसभर डोंगर चढता येतो का. काचेचा विचार त्यानंतर.

टरेटला इतकं महत्त्व का, ते हिशेबाने पाहू. १०० मीटरवर झिरो केलेल्या ६.५ क्रीडमूर रायफलीची गोळी ५०० मीटरवर साधारण १.७ मीटर खाली येते, म्हणजे टरेटवर साडेतीन मिलच्या जवळपास (१ मिल म्हणजे अंतराचा हजारावा भाग). सेकंदाला ४ मीटरचा आडवा वारा असेल तर तीच गोळी अंदाजे अर्धा मीटर बाजूला सरकते. हरणाएवढ्या जनावराचा मर्मभाग वीतभर. मधोमध नेम धरला तर चुकायला प्रत्येक बाजूला अर्धी वीत जागा. टरेट ३ टक्के कमी फिरत असेल तर त्यातले ५ सेंटिमीटर तिथेच गेले, वाऱ्याचा अंदाज चुकायच्या आधीच. वाऱ्याची चूक आपली असते आणि सरावाने ती कमी होते. टरेटची चूक कितीही सराव केला तरी कमी होत नाही, आणि तिची किंमत जखमी होऊन रानात शिरलेलं जनावर मोजतं.

आता समोर असलेले पर्याय. माझ्या हिशेबात ते तीन गटांत पडतात.

वजनदार गट

श्मिट अँड बेंडरचा पीएम २ ५-२५×५६ (५ ते २५ पट, पुढचं भिंग ५६ मिलिमीटरचं) आणि नाइटफोर्सचा एटॅकर एफ१ ५-२५×५६. दोन्हींची नळी ३४ मिलिमीटरची, दोन्हींचं रेटिकल (नेमाच्या रेषा आणि खुणा) फर्स्ट फोकल प्लेनमध्ये, म्हणजे पटीसोबत लहान-मोठं होणारं, दोन्हींचं वजन किलोच्या वर. व्होर्टेक्सचा रेझर जेन २ ४.५-२७×५६ त्याहून जड, जवळपास १३७५ ग्रॅम. टरेटच्या बाबतीत या गटाला तोड नाही. क्लिक बोटाला स्वच्छ जाणवतो, झिरो स्टॉप (टरेट झिरोच्या खाली जाऊ न देणारा अडसर) घट्ट बसतो आणि रायफल आदळली-आपटली तरी झिरो सहसा हलत नाही. लक्ष्यावर नेमबाजी करायची असती तर मी इथेच थांबलो असतो.

शिकारीत मात्र अडचण येते. तीन किलोच्या हलक्या रायफलीवर किलोभराचा स्कोप बसवला की तिचा तोल वर जातो. उभ्याने किंवा गुडघ्यावर बसून नेम धरताना रायफल कडेला कलते. शिवाय सगळ्यात खालची पायरी ४.५-५ पटीची. दाट झाडीत ४० मीटरवरून जनावर उठलं तर ५ पटीत त्याचा खांदा शोधण्यातच वेळ जातो.

हलका युरोपियन गट

स्वारोव्स्कीचा झेड५ ३.५-१८×४४ आणि झेड८आय २.३-१८×५६. झेड५ची नळी एक इंची आणि वजन अवघं ४५० ग्रॅम. चढणीच्या शिकारीत हा फरक तिसऱ्या तासाला पाठीला कळतो. झेड८आय ७०० ग्रॅमच्या आसपास, त्याची नळी ३० मिलिमीटरची, आणि संधिप्रकाशात त्याच्या काचेतून जे दिसतं ते पाहून माणूस दोन मिनिटं गप्प बसतो. झाडाच्या बुंध्याशी मिसळलेली शिंगं वेगळी दिसतात, सावलीतल्या पाठीची कड दिसते.

मर्यादा दोन. बारीक नळीत टरेटला फिरायला जागा कमी मिळते, त्यामुळे झेड५ फार लांबच्या अंतरांसाठी नाही. दुसरी मर्यादा रेटिकलची. दोन्ही स्कोप सेकंड फोकल प्लेनचे. पट बदलली तरी रेषा तेवढ्याच जाडीच्या राहतात, त्यामुळे अंधारात खालच्या पटीवर त्या ठळक दिसतात, आणि हा गुण खरा आहे. पण रेटिकलवरच्या खुणांचं माप एकाच पटीला बरोबर असतं, बहुतेक स्कोपांत सर्वांत वरच्या. १८ पटीला जी खूण १ मिलची, तीच ९ पटीला २ मिलची होते. समजा तुम्ही मृगजळामुळे किंवा अंधार पडला म्हणून पट निम्म्यावर आणली, आणि वाऱ्यासाठी सवयीने एका खुणेची सूट धरली. ५०० मीटरवर तुम्ही अर्ध्या मीटरऐवजी पूर्ण एक मीटर बाजूला नेम धरलात. घाईत हे भान राहत नाही. म्हणून या स्कोपांवर खुणा वापरूच नयेत, उंची टरेटवर घ्यावी आणि वारा जोराचा असेल तर गोळी सोडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मधला गट

माझा कल इथे आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

ल्यूपोल्डचा मार्क ५एचडी ३.६-१८×४४ साधारण ७३७ ग्रॅमचा. रेटिकल फर्स्ट फोकल प्लेनचं, म्हणजे कुठल्याही पटीवर मिल म्हणजे मिलच. त्याचा उंचीचा टरेट झिरोवर आला की कुलूपबंद होतो आणि बटण दाबल्याशिवाय हलत नाही. झुडपातून सरपटताना टरेट नकळत फिरला आणि गोळी वरून गेली, ही शिकाऱ्यांची जुनी तक्रार इथे मिटते. खोट एकच, पण त्रासदायक. नळी ३५ मिलिमीटरची आहे. स्कोप रायफलीला बांधणाऱ्या ३० आणि ३४ च्या रिंगा सहज मिळतात, ३५ च्या शोधाव्या लागतात. स्कोपसोबत रिंगाही मागवा, नाहीतर डबा तसाच पडून राहील.

व्होर्टेक्सचा रेझर एलएचटी ४.५-२२×५० शिकाऱ्यासाठीच बनवलाय हे हातात घेताच कळतं. वजन ६१५ ग्रॅम, नळी ३० मिलिमीटरची, रेटिकल फर्स्ट फोकल प्लेनचं. वाऱ्याच्या टरेटवर टोपी आहे, आणि शिकारीत तेच योग्य, कारण वारा मिनिटामिनिटाला बदलतो आणि तो रेटिकलवरच धरायचा असतो. खालची पायरी ४.५ पटीची आहे, एवढं दाट रानातल्या माणसाने लक्षात ठेवावं.

नाइटफोर्सचा एनएक्स८ एफ१ २.५-२०×५० सुमारे ८०० ग्रॅमचा. कागदावर सगळ्यात आकर्षक हाच: झाडीसाठी अडीच पट, दूरसाठी वीस, लांबी फक्त फूटभर. पण एवढ्या आखूड नळीत आठपट झूम बसवायचा म्हणजे कुठेतरी मोजावं लागतंच. वरच्या पटीवर डोळा जरा हलला की चित्र काळं पडतं, आणि पॅरालॅक्सचं (अंतराप्रमाणे चित्र आणि रेटिकल जुळवायचं) बटण केसभर फिरलं तरी फरक पडतो. टरेट मात्र भरवशाचे. ज्यांची बैठक पक्की आहे आणि जे रायफल दरवेळी गालाला तशीच लावतात, त्यांना तो चालेल. पहिल्यांदा महागडा स्कोप घेणाऱ्याला मी तो सुचवणार नाही.

फर्स्ट फोकल प्लेनचा तोटाही सांगायला हवा. खालच्या पटीवर रेटिकल कोळ्याच्या धाग्याइतकं बारीक होतं आणि संध्याकाळी काळ्या झाडीवर दिसेनासं होतं. म्हणून या गटात प्रकाशित रेटिकल असलेलंच मॉडेल घ्यावं. पैसे वाचवायचे तर दुसरीकडे वाचवा.

पट किती हवी?

अमेरिकन मरीन कोअरच्या नेमबाजांनी अनेक वर्षं उनर्टलच्या १० पटीच्या स्कोपवर काम केलं, आणि नंतर श्मिट अँड बेंडरचा ३-१२×५० घेतला. शिकारीत ६००-७०० मीटरच्या पुढे बंदूक उचलूच नये या मताचा मी आहे, आणि तिथवर १५-१८ पट पुरून उरते. उन्हात मातीवरून उठणारी वाफ २५ पटीत चित्राला उकळल्यासारखं करते, तेव्हा माणूस आपणहून पट १२-१४ वर आणतो.

अंधारात तर पट वैरीच. पुढच्या भिंगाच्या मिलिमीटरला पटीने भागलं की डोळ्यात येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी मिळते. ५६ ला ८ ने भागलं तर ७ मिलिमीटर, म्हणजे तरुण डोळ्याची बाहुली अंधारात जितकी उघडते तितकी. ४४ च्या भिंगाने ८ पटीला साडेपाच मिळतात. पन्नाशीच्या पुढच्या डोळ्याची बाहुली मुळातच फार उघडत नाही, त्यामुळे त्याला ५६ च्या भिंगाचा पुरता फायदा मिळत नाही, वजन मात्र पूर्ण वाहावं लागतं.

मग घ्यावा कोणता?

३०० मीटरच्या आत आणि बहुधा सांज-सकाळी शिकार करत असाल तर झेड८आय, आणि पायपीट जास्त असेल तर झेड५. ३०० ते ५५०-६०० मीटर, उघडा डोंगराळ मुलूख, टरेट फिरवायची सवय आहे किंवा लावून घेणार आहात, तर मार्क ५एचडी किंवा रेझर एलएचटी. या दोघांत मी स्वतः मार्क ५एचडी घेईन, झिरोच्या कुलपासाठी. पीएम २ आणि एटॅकर त्यांनी घ्यावेत जे एका जागी बसून शिकार करतात आणि त्याच रायफलीने वर्षभर लक्ष्यावरही नेमबाजी करतात.

क्लिक मिलचे घ्यावे की एमओएचे (कोनाचं दुसरं माप, अंशाचा साठावा भाग), यावर फार वेळ घालवू नका. ०.१ मिलचा क्लिक १०० मीटरवर १ सेंटिमीटर, पाव एमओएचा साधारण ७ मिलिमीटर. रेटिकल आणि टरेट एकाच मापाचे असले म्हणजे झालं.

घेतल्यावर एक काम करा. मी स्वतः एकदा ते टाळलं होतं. नामांकित कंपनीचा स्कोप होता, काच सुरेख, क्लिक कुरकुरीत, म्हणून झिरो करून थेट रानात नेला. पुढे ४०० मीटरच्या पलीकडे गोळ्या सातत्याने खाली लागू लागल्या. महिनाभर मी गोळीच्या वेगाला दोष देत राहिलो. शेवटी १०० मीटरवर उंच पुठ्ठा उभा केला, ओळंबा लावून त्यावर सरळ रेघ मारली आणि तळाशी तीन गोळ्या मारल्या. टरेट १० मिल वर घेतला, पुन्हा तळाच्याच ठिपक्यावर नेम धरून आणखी तीन. दोन झुबक्यांमध्ये १०० सेंटिमीटर यायला हवे होते. टेप लावला, आले ९७.

तेव्हापासून नवा स्कोप आला की रिंगांचे स्क्रू टॉर्क पान्याने २ न्यूटन-मीटरच्या आत आवळतो, जास्त आवळले तर नळी चेपते आणि आतला सांधा अडकतो. मग तो पुठ्ठा. वर १० मिल, परत झिरो, पुन्हा वर, असं तीनदा. वरचा झुबका ९९ ते १०१ मध्ये आणि खालचा दरवेळी त्याच ठिपक्यावर आला तरच स्कोप रायफलीवर राहतो. नाही आला तर परत करण्याची मुदत संपायच्या आत डब्यात घालून पाठवतो.