कॅनन पॉवरशॉट एसएक्स २३० एचएस: जुना झूम कॅमेरा आज प्रवासात वापरताना

२०११ साली बाजारात आलेला हा कॅमेरा मी सेकंडहँड घेतला आणि गेले कित्येक महिने तो प्रत्येक प्रवासात सोबत आहे. माझं मत आधीच सांगतो. माणसं, जेवणाचं ताट, रात्रीचा बाजार यांचे फोटो खुशाल फोनवर काढा. पण लांबचं जवळ आणायचं असेल, तर जेमतेम सव्वादोनशे ग्रॅमचा हा कॅमेरा आजही पिशवीत असायलाच हवा.

यात १४ पट ऑप्टिकल झूम आहे, म्हणजे ३५ मिमी फिल्म कॅमेऱ्याच्या हिशेबात २८ (सर्वांत रुंद) ते ३९२ मिमी (पूर्ण झूम). फोनवर बोटांनी चित्र मोठं करत गेलं की एका मर्यादेनंतर आहे तेच चित्र कापून ताणलं जातं. इथे भिंगं सरकतात, त्यामुळे शेवटपर्यंत पूर्ण १२ मेगापिक्सेल मिळतात. वेरूळला हे प्रकर्षाने जाणवलं. कैलास लेण्याच्या वरच्या कड्यावरून मंडपाच्या छतावरचं कमळ आणि त्यावरचे सिंह दिसतात. फोनमध्ये ते बारीक दिसत होते. इथे एकेक सिंह चौकट भरून आला, आणि समोरच्या उभ्या कातळावर छिन्नीच्या तिरक्या खुणासुद्धा मोजता येतील इतक्या स्वच्छ उतरल्या. तेव्हापासून कुठेही गेलो की आधी झूम करून ठिकाण सावकाश न्याहाळतो. नुसत्या डोळ्यांनी निसटलं असतं असं किती तरी सापडतं!

उजनी जलाशयाकाठच्या भिगवणला नावेतून रोहित पक्षी टिपताना याचा खरा कस लागला. स्टॅबिलायझेशन आपला थरथरता हात सांभाळतं. पक्ष्याची हालचाल आणि नावेचं डुलणं नाही. म्हणून मी टीव्ही मोडवर (यात शटरचा वेग आपण ठरवतो) शटर १/५०० सेकंद ठेवतो आणि फोटोच्या वेळी नावाड्याला वल्हं थांबवायला सांगतो. एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, २/३ स्टॉप खाली घ्यायचं हे विसरू नका. उन्हात पांढरी पिसं जळाली (बारकावे जाऊन नुसती पांढरी झाली) की जळाली, कारण हा कॅमेरा फक्त जेपेग, म्हणजे आधीच प्रक्रिया केलेली फाइल देतो, नंतर काही सावरता येत नाही. आणि जायचं ते पहाटेच. ऊन तापलं की पाण्यावरची हवा लहरते आणि कितीही झूम केलं तरी चित्र मऊच येतं.

अंधारात मात्र अपेक्षा बेताच्या ठेवा. अजिंठ्यात फ्लॅशला बंदी आहे, ती योग्यच आहे. हा कॅमेरा चालू करताच त्याचा फ्लॅश आपोआप वर येतो, तेव्हा आत जाण्यापूर्वीच फ्लॅश बंद करून ठेवा. पहिल्या लेण्यातल्या बोधिसत्त्व पद्मपाणीच्या चित्रापुढे झूमचा मोह आवरावा लागतो: २८ मिमीला अ‍ॅपर्चर (प्रकाश आत येण्याचं छिद्र; आकडा मोठा तितकं ते लहान) एफ ३.१ असतं, पूर्ण झूमला एफ ५.९, म्हणजे प्रकाश साडेतीनपटीहून जास्त घटतो. आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ८०० च्या पुढे बारकावे पुसट होतात. मी झूम न करता, श्वास रोखून, लागोपाठ चार-पाच फोटो काढतो. त्यातला एखादा चांगला निघतो.

व्ह्यूफाइंडर (डोळा लावून पाहायची खिडकी) नाही, त्यामुळे भर दुपारी स्क्रीनवर हाताची सावली धरावी लागते. जीपीएस आहे, पण त्याचं लॉगर (प्रवासाची वाट नोंदवणारी सोय) कॅमेरा बंद असतानाही बॅटरी खातं. मी ते बंदच ठेवतो.

जुना पीस घेताना घाई करू नका. झूम पूर्ण बाहेर-आत करून कान देऊन ऐका. करकर आली तर नको. मग एव्ही मोडवर (यात अ‍ॅपर्चर आपण ठरवतो) एफ ८ ठेवून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा आणि स्क्रीनवर मोठा करून पाहा. काळसर डाग दिसले तर आत धूळ गेली आहे, आणि ती काढायला कॅमेरा खोलावाच लागतो. बॅटरी एनबी-५एल, जुनी फुगलेली नाही ना हे पाहा आणि प्रवासाला दोन ठेवा. मला एका दुकानात मिळालेली स्वस्तातली डुप्लिकेट बॅटरी निम्म्या दिवसातच मान टाकायची. थोडे पैसे जास्त मोजून घेतलेली दुसरी अजून छान चालते आहे.